कागद मागण्याचा अधिकार

“साहेबांनी बोलावलंय, जरा ठाण्यावर येऊन जा,” हा निरोप आपल्या गावांतून आणि शहरांतून रोज किती उंबरठ्यांवर पोहोचतो, ह्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. कारण तो मुळातच दप्तरात चढू नये अशा रीतीने दिलेला असतो. निरोप आणणारा शिपाई बहुधा तोंडओळखीचा असतो, त्याच्या स्वरात धाक असतोच असे नाही, आणि तरीही घरातला कर्ता माणूस हातातले काम टाकून निघतो, ठाण्याच्या बाकावर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसून राहतो. आपल्याला कोणत्या गुन्ह्याच्या संबंधात बोलावले, साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून, आणि आता उठून घरी जावे म्हटले तर जाता येईल की नाही, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते. पोलिसी चौकशीत आणि झडतीत नागरिकाला जे हक्क कायद्याने दिले आहेत, त्यांतील बहुतेक सर्व हक्क लेखी कागदाच्या आधाराने उभे आहेत, आणि जेथे तोंडी हुकुमाने काम भागते तेथे ते हक्क राज्यघटनेत असूनही माणसाच्या हाती लागत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या १७९ व्या कलमान्वये तपासी अंमलदाराला गुन्ह्याची माहिती असणाऱ्या व्यक्तीस आपल्यासमोर बोलावता येते, परंतु ते लेखी हुकुमानेच. पंधरा वर्षांखालील मुलगा, साठ वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग अथवा गंभीर आजारी व्यक्ती ह्यांना त्यांच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब घ्यावयाचा तर पोलिसांनी त्यांच्या घरी गेले पाहिजे. ज्याच्यावर संशय आहे पण ज्याला अटक करण्याचे प्रयोजन नाही, त्याला ३५ व्या कलमाखाली नोटीस द्यावी लागते, आणि तो त्या नोटिशीप्रमाणे हजर होत राहील तोवर, कारणे लेखी नोंदविल्याखेरीज, त्याला त्या गुन्ह्यासाठी अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवरून पाठवून चालणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगून ठेवले आहे.

स्त्रियांना ठाण्यावर बोलावू नये हा नियम कोणा सुखवस्तू विधिज्ञाच्या कल्पनेतून निघालेला नाही, आणि त्याचा भंग झाला म्हणजे काय घडते ह्याची अत्यंत वेदनादायक साक्ष आपल्याच महाराष्ट्राने दिलेली आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीला, तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावानेच दिली म्हणून, जबाबासाठी रात्री बोलावण्यात आले. जबाब झाल्यावर बरोबरच्या माणसांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले आणि तिला मागे ठेवून घेण्यात आले. पुढे त्या ठाण्यात तिच्यावर झालेल्या अत्याचाराचा खटला सत्र न्यायालयापासून वर वर चढत गेला, आणि नागपूर खंडपीठाने दोषी ठरविलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निर्दोष सोडले. त्यानंतरच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जे अनावृत पत्र लिहिले, त्याने देशभरच्या स्त्री-चळवळीला तोंड फोडले आणि १९८३ च्या कायदादुरुस्तीचा मार्ग खुला केला, हे सर्वश्रुत आहे. त्या पत्रातील एका मुद्द्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. त्या मुलीला रात्री ठाण्यात बोलावणे हेच मुळी बेकायदा होते, आणि सर्वोच्च न्यायालयानेच त्या निकालाच्या अवघ्या काही महिन्यांपूर्वी तसे सांगितलेही होते, ह्याची आठवण त्या चौघांनी करून दिली होती.

ते सांगणे होते नंदिनी सत्पथी खटल्यातील. ओडिशाच्या ह्या माजी मुख्यमंत्र्यांना १९७७ मध्ये कटकच्या दक्षता विभागाच्या पोलीस ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नांची एक लांबलचक यादी त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. त्यांनी उत्तरे नाकारली, म्हणून उत्तर न दिल्याचाच खटला त्यांच्यावर भरण्यात आला. एप्रिल १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी दिलेल्या निकालपत्रात, स्त्रीला ठाण्यात बोलावण्याच्या कृत्याचा निषेध तर आहेच, पण त्याहून दूरगामी असे एक तत्त्वही आहे. कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, ही घटनेच्या अनुच्छेद २० (३) मधील हमी केवळ न्यायालयाच्या पिंजऱ्यापुरती नसून पोलिसांच्या चौकशीच्या खोलीतही लागू आहे, असे ते तत्त्व. माजी मुख्यमंत्र्याला हा हक्क प्रस्थापित करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ऊसतोड मजुराच्या वाट्याला तो आपोआप येईल अशी आशा कोणी बाळगू नये.

तेव्हा चौकशीला बसलेल्या माणसाने काय सांगावे आणि काय नाकारावे? त्याने आपले खरे नाव आणि पत्ता सांगावा, कारण ते दडविल्यास तेवढ्यासाठीही अटक ओढवू शकते. त्याने खोटे बोलू नये. विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देण्यास तो बांधलेला आहे, परंतु ज्या उत्तराने तो स्वतःच फौजदारी आरोपात गुंतण्याचा संभव आहे ते उत्तर न देण्याची मुभा १८० व्या कलमानेच त्याला दिली आहे. आणि जी गोष्ट शेकडा नव्वद लोकांना ठाऊक नसावी असे मला वाटते ती ही, की तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यावयाचीच नसते. १८१ व्या कलमाने ती स्पष्टपणे वर्ज्य केली आहे. पंचनाम्यावर पंचांची सही असते, अटकेच्या नोंदीवर अटक झालेल्याची सही असते, पण जबाब हा बिनसहीचा कागद आहे. असे असता “इथे सही करा” म्हणून पुढे सरकविलेल्या कागदावर, आणि कधी कधी कोऱ्या कागदावरही, अर्धशिक्षित माणूस मुकाट्याने अंगठा उमटवितो. अटक झालेल्याला चौकशी चालू असताना, सर्व वेळ नाही तरी मधून मधून, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येते. ही तरतूद ३८ व्या कलमात आहे.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, ह्या नियमामागेही मोठा इतिहास आहे. महसूल वसुलीसाठी आणि गुन्हे कबूल करविण्यासाठी रयतेवर होणाऱ्या छळाची चौकशी करण्यास मद्रास इलाख्यात नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये जो अहवाल सादर केला, त्याने कंपनी सरकारचीही मान खाली गेली; १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात पोलिसांपुढील कबुली अग्राह्य ठरविण्यात आली, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ती तरतूद स्थिर झाली आणि आजच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात ती जशीच्या तशी नांदत आहे. परकीय राज्यकर्त्यांनीही आपल्याच पोलिसांवर ज्या बाबतीत विश्वास टाकला नाही, त्या बाबतीत स्वतंत्र देशाच्या नागरिकाने सावध असावे, ह्यात पोलिसांचा अधिक्षेप नाही.

तोंडी हुकुमापुढे मान तुकविण्याच्या ह्या सवयीची जबर किंमत अलीकडे एका नव्याच मार्गाने वसूल केली जात आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत असे सांगतो, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केले आहे असे बजावतो, आणि निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतील अधिकारी अशी जाणती माणसे दिवस दिवस त्या पडद्यापुढे बसून आयुष्याची पुंजी त्याच्या स्वाधीन करतात. अशा नावाची अटक कोणत्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली. ह्या लोकांना भोळे म्हणून आपण मोकळे होऊ नये. पोलीस तोंडी बोलावतात, तोंडी दटावतात आणि तोंडी सोडून देतात, हा ज्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, त्या समाजाला खऱ्या पोलिसाचा आवाज आणि भामट्याचा आवाज ह्यांतला फरक कशावरून कळावा? लेखी नोटीस, तिच्यावरचा गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक, सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा ह्यांवाचून चौकशी होतच नाही असे प्रत्येकाला आपल्या अनुभवाने ठाऊक असते, तर त्या पडद्यावरच्या तोतयाला पहिल्या वाक्यातच कोणीतरी कागद मागितला असता.

आता रस्त्याकडे वळू. वाहनचालकाने गणवेशधारी पोलिसाला परवाना आणि वाहनाची कागदपत्रे दाखविली पाहिजेत, हे मोटार वाहन कायद्याच्या १३० व्या कलमाने ठरविले आहे. ती डिजिलॉकरमधून दाखविली तरी ती ग्राह्य आहेत. परवाना ताब्यात घ्यावयाचा असेल तर पोच दिली पाहिजे. वाहन अडकवून ठेवण्याचे प्रसंग २०७ व्या कलमात सांगितले आहेत. ह्या सर्वांत, धावत्या दुचाकीची चावी उपसून घेण्याचा अधिकार कोठेही लिहिलेला नाही. मद्यबंदी, वन, उत्पादन शुल्क, शस्त्रे ह्यांचे कायदे निरनिराळे आहेत आणि त्यांखालील झडतीचे अधिकारही निरनिराळे, त्यांचा विस्तार येथे नको.

परंतु कागदपत्रे पाहणे निराळे आणि वाहनाची झडती घेणे निराळे. संहितेत ‘ठिकाण’ ह्या संज्ञेत घर, इमारत, तंबू आणि जहाज ह्यांच्याबरोबर वाहनाचाही अंतर्भाव केलेला आहे. म्हणजे तुमच्या मोटारीची डिकी ही कायद्याच्या दृष्टीने तुमच्या घरातील कपाटाच्या पंक्तीला बसते. तपासासाठी वॉरंटाशिवाय झडती घ्यावयाची तर १८५ व्या कलमाप्रमाणे अधिकाऱ्याने आपल्या समजुतीची कारणे आधी केस डायरीत लिहिली पाहिजेत, त्या नोंदीच्या प्रती अठ्ठेचाळीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे धाडल्या पाहिजेत, आणि ज्याची झडती झाली त्याने मागणी केल्यास त्याला त्या प्रती विनामूल्य मिळाल्या पाहिजेत. त्या परिसरातील दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित पंच हवेत. जप्त वस्तूंची यादी हवी. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यतेची पूर्ण बूज राखून घ्यावयास हवी. आणि नव्या संहितेच्या १०५ व्या कलमाने ह्या सर्व व्यवहाराचे, यादी करण्यापासून पंचांच्या सह्यांपर्यंत, ध्वनिचित्रमुद्रण अनिवार्य केले आहे. नव्या कायद्यावर टीका करण्याजोगे पुष्कळ असले तरी ह्या एका कलमाबद्दल तो करणाऱ्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो.

गेल्या पावसाळ्यात एका घाटाच्या पायथ्याशी रात्रीच्या नाकाबंदीत आमची गाडी रांगेत थांबली असता पुढे झेंडूच्या पोत्यांनी भरलेला एक छोटा टेम्पो उभा होता. चालक विशीतला असावा. त्याला ताडपत्री सोडावयास लावली, वरची पोती खाली उतरवून त्यांत हात घालून पाहण्यात आले, आणि तेवढ्या वेळात पाऊस पोत्यांतून पाझरत राहिला. पहाटेच्या बाजारात भिजल्या फुलाला काय भाव येतो हे ज्याने फुलबाजार पाहिला आहे त्याला सांगावयास नको. काही सापडले नाही. “जा आता,” एवढाच निरोप मिळाला, आणि त्या मुलाने एकट्याने पोती पुन्हा चढवून दोर आवळले. झडती घेणाऱ्या शिपायाने रेनकोट घातला होता व त्याच्या छातीवरची नावाची पट्टी त्याखाली झाकली गेली होती. पुढेमागे तक्रार करावी असे त्या मुलाच्या मनात आले असते तरी ती कोणाविरुद्ध करावी हे त्याला सांगता आले नसते. शिपाई उद्धट नव्हता. तोही माझ्या डोळ्यांदेखत तासभर पावसात उभा होता. पण त्या रात्री त्या नाक्यावर किती वाहने उघडली गेली, का उघडली गेली आणि त्यांपैकी किती निष्फळ ठरली, हे त्याच्या वरिष्ठालाही कधी कळणार नाही, कारण ज्या झडतीत काही मिळत नाही त्या झडतीचा कागदच होत नाही.

ह्याच्या उलट, जेथे काही ‘मिळते’ तेथे कागद होतो, आणि तो साचेबंद भाषेत होतो. पंचांना बोलावून हकिकत समजावून सांगितली, सदर इसमाच्या अंगझडतीत खालील वर्णनाचा मुद्देमाल मिळून आला, पंचनामा वाचून दाखविला व तो बरोबर आहे, ही वाक्ये शेकडो पंचनाम्यांत एकाच क्रमाने येतात. आणि त्यांखाली सही करणारे पंचही पुष्कळदा ठाण्याच्या ओळखीतले, एका खटल्यातून दुसऱ्या खटल्यात फिरणारे असतात, अशी नोंद न्यायालयांना वारंवार करावी लागली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत कलिना येथे एका माणसाच्या झडतीच्या वेळी पोलीसच त्याच्या खिशात काही ठेवीत असल्याचे दृश्य तेथील सीसीटीव्हीत आढळल्यावरून चार पोलिसांना निलंबित करण्यात आले. तो कॅमेरा भिंतीवर नसता, तर पंचनामा वाचून दाखविला व तो बरोबर आहे, एवढेच जगाला कळले असते. अमली पदार्थांच्या कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे, अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर अथवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुम्हाला हक्क आहे, असे संशयिताला सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. २०१० च्या घटनापीठाने त्या बंधनाचे कसोशीने पालन व्हावे असे म्हटले. मात्र हे संरक्षण अंगझडतीपुरते आहे, पिशवी वा वाहन ह्यांना ते लागू पडत नाही, हे लोकांनी ध्यानात ठेवावे.

नाकाबंदीलाच माझा विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८ च्या काळरात्री गिरगाव चौपाटीवर पोलिसांनी रस्ता अडविला नसता, आणि सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनी हातात केवळ लाठी असता गोळ्या अंगावर झेलून एका अतिरेक्याला धरून ठेवले नसते, तर त्या कटाचा जिवंत पुरावा देशाच्या हाती आला नसता. ज्या खात्याने हे बलिदान दिले त्याच्याविषयी कृतज्ञता बाळगूनच मी लिहितो आहे. पण त्या रात्री चौपाटीवर असलेला संशय ठोस होता, वाहनाविषयी खबर मिळालेली होती, आणि त्या कारवाईतला प्रत्येक क्षण पुढे न्यायालयात लेखी आणि तोंडी पुराव्याने सिद्ध करण्यात आला. ज्याच्यापाशी कारण आहे त्याला कारण लिहिण्याचे भय नसते. ‘संशय आला’ ह्या दोन शब्दांवर रोजच्या रोज हजारो डिक्या उघडविणे आणि मोबाइलमधील संदेश चाळणे, ह्याला त्या शौर्याचा आधार घेता येणार नाही. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविल्यानंतर रस्त्याच्या कडेला उभे करून माणसाचा फोन चाळण्यास तर मुळीच नाही.

आपल्या कायद्याचा एक गंभीर उणेपणा येथे सांगितलाच पाहिजे. झडती बेकायदा असली म्हणून तीत मिळालेला पुरावा बाद होतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयातील पूरणमल खटल्यापासून रूढ झालेले मत आहे. परिणामी, कारणे न लिहिता घेतलेल्या झडतीची झळ तपास करणाऱ्याला क्वचितच लागते. संसदेने हे बदलावे असे मला वाटते, परंतु त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत वाचून पश्चिम बंगालमधील कायदेविषयक साहाय्य संस्थेचे पदाधिकारी डी. के. बसू ह्यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले, त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले, आणि दहा वर्षांनी त्यातून अटकेचे ते अकरा नियम निघाले, ज्यांत स्पष्ट दिसणारी नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचे अटकपत्र आणि नातेवाइकांना खबर ह्यांचा समावेश आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून त्यांचे मुद्रण दीर्घकाळ जतन करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये ते कॅमेरे चालू का नाहीत ह्याची दखल त्याच न्यायालयाला पुन्हा घ्यावी लागली.

महाराष्ट्राच्या गृहखात्याला एक लहानशी गोष्ट उद्यापासून करता येईल. वाहतूक पोलिसांच्या हाती आज ई-चलानाचे यंत्र आहे; वाहनाचा क्रमांक घातला की मालकाच्या फोनवर दंडाचा संदेश जातो. त्याच यंत्रात झडतीचा एक रकाना असावा, नाकाबंदीवरच्या प्रत्येक पथकाला ते यंत्र द्यावे, आणि वाहन उघडावयास लावले की वेळ, ठिकाण, कारण, शिपायाचा बक्कल क्रमांक आणि ‘काही मिळाले नाही’ हा निष्कर्षसुद्धा मालकाकडे त्याच क्षणी पोहोचावा. ठाण्यावर बोलावण्याच्या नोटिशीलाही असाच अनुक्रमांक असावा आणि तो एकशेबारा क्रमांकावर पडताळून पाहता यावा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एखाद्या सदस्याने ह्यासंबंधी प्रश्न विचारावा, आणि वर्षभरात राज्यात किती वाहनांची झडती झाली व त्यांपैकी किती झडत्यांची कारणे लिहिली गेली, ह्याचे उत्तर गृहमंत्र्यांनी सभागृहाच्या पटलावर ठेवावे.